पालथं भांडं

भोर, ८ जानेवारी २००७

या तालुक्यात येऊन पुरता एक दिवस उलटला नाही, तोच माझ्यावर घोर ठपका आला आहे, आणि फिर्यादी पक्ष आहे एक स्टीलची वाटी.

हकीकत अशी. आमच्या वृत्तपत्राने 'भोर-वेल्हे प्रतिनिधी' हे भारदस्त पद गळ्यात घालून मला काल दुपारच्या एसटीने पुण्याहून इकडे रवाना केलं. खोली उत्तम मिळाली. खिडकीतून डोंगर दिसतो, खाली नीरेचा काठ. शेजारी पिठाची गिरणी असल्यामुळे माझ्या टेबलावर, चष्म्यावर आणि अमरकोशावर एकसारखा सात्त्विक पांढरा थर बसतो. घरमालकीण फुलाबाई साठीच्या पुढच्या, ताठ, आणि बोलायला फटकळ. काल संध्याकाळी त्यांनी मेथीची भाजी पाठवली. मी ती आवडीने खाल्ली, वाटी घासली, पुसली आणि आज सकाळी सन्मानपूर्वक परत केली. त्यांनी वाटीत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि दार लावून घेतलं.

दुपारी त्यांनीच उलगडा केला. दिलेलं भांडं रिकामं परत करायचं नसतं. चिमूटभर साखर तरी घालायची. रिकामं आलं की आमी समजतो, म्हणाल्या, ह्या मानसाला आपल्याशी येनं-जानं ठेवायचं न्हाई. आता हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण आमच्या घरी हे खातं बायकोकडे, सुमतीकडे होतं, आणि तिला जाऊन चार वर्षं झाली. मी पाठशाळेत तर्कशास्त्र शिकलो. तिथे काहीही सिद्ध करायचं झालं की शास्त्रीबुवा एक घट घेत. तो घट आहे की नाही, कशाचा आहे, कोणी केला, फुटल्यावर कुठे जातो, यावर आम्ही वर्षं काढली. परत करताना त्यात काय घालायचं हे कोणी शिकवलं नाही.

उद्या साखर घेऊन जाईन. बाकी गाव छान आहे. मी इथे सुखात राहीन असं दिसतं.

११ जानेवारी

मुख्य कचेरीतून फोन. भोरमध्ये कुणा तरुणाने संगणकावरचा खेळ तयार केला आहे आणि परदेशात त्याचा गवगवा आहे, तरी खुसखुशीत लिहा. मला खुसखुशीत लिहायला सांगतात, तेव्हा कुणाची तरी अवहेलना अपेक्षित असते. त्या कामात मी वाकबगार आहे.

तरुण म्हणजे मुजफ्फर शेख, तिशीला टेकलेला. एसटी स्टँडजवळ त्याचा संगणकाचा क्लास आहे. मागे एका खुर्चीवर त्याची आई कुलसुमबी तांदूळ निवडत बसते. दोघं मूळचे हिरडवण्याचे. हे गाव वेल्ह्याच्या बाजूला धरणात गेलं, त्याला आठ-नऊ वर्षं झाली. माणसं पांगली, काही भोरला आली, काही वरव्याला, काही सारोळ्याच्या पलीकडे. आमच्या फुलाबाईही त्याच गावच्या, हे मला आज कळलं.

खेळाचं नाव 'तळ'. पिवळी टोपी घातलेला एक पाणबुड्या धरणात उतरतो. खाली हिरवट पाणी आणि हिरडवणे गाव. जाताना लोकांनी कौलं, दारं, वासे काढून नेले, म्हणून घरांच्या नुसत्या भिंती. शत्रू नाही, बंदूक नाही, खजिना नाही. प्रत्येक घरात चूल, आणि प्रत्येक चुलीवर एक पालथं भांडं. पडद्याच्या कडेला निळी पट्टी आहे, तो पाणबुड्याचा दम. पट्टी संपली की तो मेला. पण पालथ्या भांड्यात थोडी हवा कोंडलेली असते. 'उचल'ची कळ दाबली की पाणबुड्या तोंड लावून ती ओढून घेतो, भांडं थैलीत टाकतो आणि पुढच्या घरी जातो. झाला खेळ.

म्हणजे लोकांच्या स्वयंपाकघरातून भांडी लांबवायची, तीही पाण्याखालून, आणि बैलगाडीच्या वेगाने. चोरीचा इतका कंटाळवाणा प्रकार मी पाहिला नव्हता.

मुजफ्फरने मला इंटरनेटवरचे अभिप्राय छापून दाखवले. फ्रान्समधला एक सद्गृहस्थ लिहितो की खेळताना त्याचा श्वास आपोआप रोखला गेला, आणि नंतर खोलीत चिखलाचा वास आला. ब्राझीलच्या एका बाईंना एका चुलीपुढे रडू आलं. तिकडे लोकांना वेळ फार.

१४ जानेवारी

तीन दिवस क्लासमध्ये बसून रसिकवर्गाचं निरीक्षण केलं. खेळणारे गालफडं फुगवून बसतात, डोळे बाहेर, मान पुढे. दम कोंडणार पाणबुड्या, आणि निळे पडणार हे. पाणबुड्या वर आला की सगळे एकदम सुस्कारे टाकतात. पंखा लावायची गरज पडत नाही.

यांचा शिरोमणी चिमाजी. वरवे बुद्रुकचा, स्वतःचा टेम्पो चालवतो, नसरापूरच्या बाजारात भाजी पोचवली की इथे येऊन बसतो. मला पुनेकर म्हणतो. म्या समदी वरची आळी एका दमात साफ केली पुनेकर, तुमच्या पेपरात घाला, म्हणाला. मी विचारलं, कुणाची घरं ती? कुनास ठावं, म्हणाला, घागरी बाकी झ्याक हुत्या.

दुसरा वर्ग याहून हास्यास्पद. हिरडवण्याची म्हातारी माणसं येतात. खुर्चीवर बसण्याआधी टेबलाखाली वहाणा काढतात. पडद्यावर स्वतःचं घर आलं की मोठ्याने विचारतात, हाय का घरात कुनी? उत्तर कोण देणार! मग आत जातात, चुलीपुढे उभं राहतात, आणि भांड्याला हात लावत नाहीत. निळी पट्टी संपते, पाणबुड्या आपल्याच घरात बुडून मरतो, आणि आजोबा डोळे पुसून उठतात. जिंकायची इच्छाच नसलेले खेळाडू मी प्रथमच पाहिले.

शेवटी मीही बसलो. पिंपळापलीकडच्या पहिल्याच घरात शिरलो. विचारलंबिचारलं नाही. चुलीवर तांब्या होता, पोटाला पोचा आलेला. उचलला. मुजफ्फर हसून म्हणाला, सर, आमच्याच घरावर धाड घातलीत. कुलसुमबींचे हात तांदळात थांबले. त्यांनी विचारलं, भाऊ, आता त्यो परत ठेवनार कवा? मी म्हणालो, तुमच्या चिरंजीवांनी उचलायची कळ केली आहे, ठेवायची केलेलीच नाही. सगळे हसले. त्या हसल्या नाहीत.

संध्याकाळी फुलाबाईंना म्हटलं, चला, तुमचं घर दाखवतो. त्या म्हणाल्या, आमची वस्ती वढ्याच्या पल्याड. त्या खेळात तिकडं जातंय का कोन? खरंच कोणी जात नव्हतं. वाट लांबची, तेवढा दम पुरत नाही. त्या म्हणाल्या, गाव कोरडं हुतं तवाबी आमच्या घरातलं भांडं कुनी नेलं न्हाई. पानीसुदीक वरनं वतायचे. आता पान्याखाली कशाला नेतील?

या वाक्यावर मला विनोद सुचला नाही. सहसा सुचतो.

२१ जानेवारी

लेख छापून आला. 'भोरचे भांडीचोर'. फुगलेले गाल, चिमाजीच्या घागरी आणि वहाणा काढणारे आजोबा, सगळे यथास्थित बसले आहेत. मुख्य कचेरी खूश. मुजफ्फर मात्र म्हणाला, सर, खेळाला नावं ठेवली त्याचं काही नाही, आजोबांना नव्हती ठेवायची. मी म्हटलं, विनोद आहे. तो म्हणाला, व्हय, आहे की.

त्याच्याकडून खेळाची एक सीडी घेतली आणि पुण्याला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे माधुरीसाठी दिली. माझी एकुलती एक मुलगी, सुमती गेल्यापासून कोथरूडला माझ्या बहिणीकडे राहते, कॉलेजात जाते. लहानपणापासून दमा. डॉक्टरांनी पोहायची बंदी घातली तेव्हा आठवडाभर अबोला धरला होता, डॉक्टरांशी नव्हे, माझ्याशी. सीडीवर लिहिलं, 'घे, बसल्या जागी पोह. हवा फुकट आहे, लोकांच्या चुलीवरची उचल.'

२८ जानेवारी

सकाळी दार उघडलं तर पायरीवर तांब्या. पालथा. तांब्याचाच, काळवंडलेला, कडेला शेवाळ.

फुलाबाईंनी वाटीचा सूड उगवला असं वाटून मी खूश झालो. वाटलं, आता साखर भरून असा परत करतो की बघत राहतील. उचलला. आणि आतून पाणी आलं. भसकन, पायरीभर, गार आणि गढूळ. पालथ्या तांब्यात पाणी कसं राहील? पायरी कोरडी होती. खाली ओलीचा ठिपकाही नव्हता. घट पालथा असता त्यात जल राहत नाही, हे सिद्ध करायला शास्त्रीबुवांचीही गरज नाही.

तांब्याच्या पोटाला पोचा आहे.

फुलाबाईंनी लांबूनच पाहिला. ह्यो आमचा न्हवं, म्हणाल्या. आणि मग, कधी नव्हे ते हळू आवाजात, ह्यो सुलटा का केलासा तुमी?

कुणी तरी माझा लेख वाचून चेष्टा केली आहे, दुसरं काय! चेष्टा बरी जमली आहे. तहसील कचेरीचा जिना चढताना आज दम लागला. वय.

३० जानेवारी

तांब्या पिशवीत घालून क्लासवर गेलो. मुजफ्फरला फैलावर घेणार होतो. कुलसुमबींनी तो हातात घेतला आणि अंगठ्याने शेवाळ पुसलं. खाली ठिपक्याठिपक्यांनी त्यांचं नाव कोरलेलं होतं. लग्नातला, म्हणाल्या. पोचा मुजफ्फरनं पाडला, रांगत हुता तवा.

मी विचारलं, मग हा होता कुठे इतके दिवस? त्या म्हणाल्या, खालीच की.

गाव सोडायच्या दिवशी सगळ्यांनी सगळं नेलं, पण चूल उघडी टाकून जायचं नाही असं ठरलं. म्हणून प्रत्येक घरानं एकेक भांडं चुलीवर पालथं घातलं. भांडं मागं ऱ्हायलं म्हंजी येनं-जानं ऱ्हातं, भाऊ. घरातला वारा आत कोंडून ठेवला, चुलीचा शेवटचा धूर हुता त्यात. मग पानी आलं. मुजफ्फरनं डोळ्यांनी पाहिलं होतं तेच खेळात काढलं, आईला न विचारता. गावचे म्हातारे म्हणूनच हात लावत नाहीत. मुजफ्फरही स्वतः कधी उचलत नाही, खेळ तपासायलासुद्धा नाही. तुम्ही नेलंत, म्हणाल्या. त्यातला वाराबी ओढून घेतला. आता ते दारात रिकामं आलंय. भरून मागत्यात.

मी म्हटलं, साखरेने चालेल का?

मला वाटतं, हा माझा या गावातला शेवटचा बरा विनोद. त्या म्हणाल्या, जे हुतं तेच घालावं लागतं.

३ फेब्रुवारी

चिमाजी गेला.

दुपारी भर उन्हात सारोळ्याच्या पुलाअलीकडे टेम्पो रस्त्याच्या कडेला नीट लावलेला. काचा बंद. लोकांना वाटलं झोपलाय. नसरापूरच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि विचारलं, याला कुठल्या विहिरीतून काढला? छातीत पाणी. तोंडातून शेवाळ. कपडे कोरडे, चपला कोरड्या, खिशातली काड्यापेटीसुद्धा पेटत होती.

मी बातमीसाठी टेम्पो पाहायला गेलो. मागे हौद्यात, भाजीच्या पाट्यांमधे, घागरी, पातेली, कासंड्या. सगळ्या सुलट्या. सुलट्या आणि रिकाम्या. त्याच्या भावाला वाटलं, भंगारातून आणल्या.

'टेम्पोचालकाचा आकस्मिक मृत्यू' एवढंच छापलं. मी त्याला दोन आठवड्यांपूर्वी वेंधळा म्हटलं होतं. छापून.

४ फेब्रुवारी

मुजफ्फरने आज खेळ उघडला, चिमाजी खेळायचा त्याच संगणकावर. वरची आळी. एकदा उचललेलं भांडं पुन्हा दिसत नाही, खेळ त्याने तसाच लिहिला आहे.

सगळी भांडी चुलींवर परत आली आहेत. पालथी. काठाशी बुडबुडे. वाऱ्याने भरलेली आहेत.

मुजफ्फरने अभिप्रायांचं पान उघडलं. मग म्हणाला, सर, फ्रान्सवाला महिनाभर लिहीत नाही. तो रोज लिहायचा.

पिंपळापलीकडच्या घरात चूल रिकामी आहे. ती माझी. जिना चढताना आता मधे दोनदा बसावं लागतं, आणि खोकल्यात चिखलाची चव

तो विषय नको. मी सीडी पाठवली आहे. हे मला आज दुपारी, क्लासमधून परत येताना, गिरणीच्या दारात आठवलं.

५ फेब्रुवारी

फोन लागला. माधुरी आनंदात. बाबा, तुमचा लेख किती दुष्ट आहे, खेळ किती सुंदर आहे! सगळं गाव फिरले. सगळी भांडी काढली. तो भोरचा चॅम्पियन काय, मी ओढ्यापलीकडे सुद्धा गेले, तिकडे एक वेगळी वस्ती आहे, तिथे कोणी जातच नाही का? तिथलीही काढली. पाण्याखाली मला दम लागला नाही बाबा. एकदाही नाही.

विचारलं, दारात काही आलं का? ती म्हणाली, काय येणार? पार्सल पाठवलंय का?

पुन्हा खेळू नको म्हणालो. का विचारलं. सांगता आलं नाही. तीस वर्षं शब्दांवर पोट भरतो आहे.

६ फेब्रुवारी

मुजफ्फरने दोन दिवस खपून 'ठेव'ची कळ केली. आधी कधी सुचलीच नाही म्हणाला. न्यायचा खेळ केला, परत करायचा राहिला.

भर दुपारी बसलो. पिंपळापलीकडच्या घराशी थांबलो. वहाणा काढल्या. हाय का घरात कुनी, असं विचारलं, मोठ्याने. क्लासमधली पोरं हसली नाहीत.

तांब्या चुलीवर पालथा धरला. 'ठेव'. निळी पट्टी सरसर खाली — माझ्या छातीतून काही तरी ओढून — पडदा हिरवा, मग खोली हिरवी, पंखा पाण्यात फिरावा तसा हळू —

कुलसुमबी ओरडत होत्या म्हणे. पोचलं, पोचलं, माझं भांडं मला पोचलं, बास. पाठीत गुद्दे घालत होत्या. मी कीबोर्डवर पाणी ओकलो. कीबोर्ड बिघडला. मुजफ्फर म्हणतो राहू द्या.

म्हणजे ज्याचं घर त्याने पोचलं म्हटलं तर सोडतात. चिमाजीच्या घागरीवाल्या घरांत म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

माधुरीने सगळी काढली आहेत.

७ फेब्रुवारी

मुजफ्फर सकाळपासून माणसं शोधतोय. वरवे, सारोळे. कुलसुमबी आणि क्लासवरचे आजोबा आपापलं पोचलं म्हणाले. बरीच घरं अशी की म्हातारे गेले, पोरांना कुठलं भांडं, कुठली चूल ठाऊक नाही. माहीत नसलेल्याने पोचलं म्हणून चालत नाही. एकाला म्हणायला लावलं. पडद्यावरची चूल रिकामीच राहिली.

फुलाबाईंना सांगायला गेलो. सांगताना मान वर होईना. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, माझ्या घरातलं? वढ्याच्या पल्याडचं? त्या पोरीनं हातानं नेलं?

हो म्हणालो.

त्यातला वारा घेतला तिनं? तोंड लावून?

हो.

त्यांनी फळीवरची ती मेथीची वाटी उतरवून पुढ्यात घेतली. मग म्हणाल्या, पोचलं म्हना तिला. फुलाबाईचं भांडं पोचलं. येनं-जानं ऱ्हायलं. तेवढं एक कमी धरा तुमी. बाकीच्यांचं माझ्या हातात न्हाई.

वाटीत भाकरीचा कुटका आणि गूळ घालून दिला. वाटेत खावा म्हणाल्या. मी जाणार हे मी अजून कुणाला बोललो नव्हतो.

८ फेब्रुवारी, एसटीत

सकाळची गाडी. 'ठेव'ची कळ असलेली नवी सीडी खिशात. भांडी तिच्या संगणकावरची आहेत, तिथेच बसून ठेवावी लागतील. मी ठेवणार. तिला खोलीत येऊ देणार नाही.

चेलाडी फाट्यावर फोन आला. बाबा, तुमच्या घरमालकीणबाईंनी भांडी पाठवली का? दारात रास आहे. पालथी, ओली. आत्या चिडली. मी घेतली आत.

म्हणालो हात लावू नको —

म्हणाली लावला की. घासायला घेतली. सगळी सुलटी केली. बाबा, आतून केवढं पाणी —

मग खोकला. तिचा नेहमीचा मला ओळखू येतो. हा नव्हता.

फोन गेला. लागत नाही. लागत नाही.

कात्रजच्या अलीकडे गाडी थांबली आहे. पुढे ट्रक उलटलाय म्हणे. लोक उतरून शेंगा खात आहेत. मी खाली उतरून थोडा पळालो, मग बसलो. पळून दम घालवायचा नाही. दम लागणार आहे.

मी सगळ्या जगाला हसलो. गाल फुगवणाऱ्यांना, वहाणा काढणाऱ्यांना, त्या फ्रान्सवाल्यालाही. भांड्यात काय घालायचं ते मला आता कळलं आहे. माझा दम आहे तेवढा घालीन. मरणाची भीती वाटत नाही, खरंच नाही. माधुरीकडे मुळातच कमी होता. तिची भांडी पुष्कळ आहेत, आणि माझं वय हे असं. मला काळजी एकच आहे, माझा एकट्याचा तेवढ्यांना पुरेल का. एक फुलाबाईंनी कमी केलं, काही कुलसुमबींनी आणि आजोबांनी. तरी पुष्कळ. अर्ध्यात संपला तर उरलेली भांडी पुन्हा तिच्याच

गाडी सुटली. पिशवीत काही तरी हललं. फुलाबाईंची वाटी मी भाकरीसकट सुलटी ठेवली होती. नक्की सुलटी ठेवली होती. आता हाताला पालथी लागते आहे. पिशवी खालून ओली —